सहाही आकडे लिहा

मी साहित्याची विद्यार्थिनी. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत काय चालतं यावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असं आपल्या मंडळातल्या काही जणांना वाटेल. अधिकार एवढाच की गेल्या मार्चमध्ये दादाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं इंग्रजी मी तपासून दिलं, आणि तपासता तपासता त्यातलं एक खोटं वाक्य आणखी सुबक केलं. ते खोटं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यापासून जे डोक्यात घोळतंय ते इथे मांडते.

दादा इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरण्याचा. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर जी डीपी असते, त्यातल्या ट्रान्सफॉर्मरची टाकी तेलाने भरलेली असते. ते तेल दोन कामं करतं. आतल्या गुंडाळ्यांची उष्णता बाहेर आणतं, आणि विजेची ठिणगी एका भागातून दुसऱ्या भागात उडू देत नाही. खनिज तेल पेट घेतं, गळलं तर माती खराब करतं. म्हणून जगभर वनस्पती तेलावर संशोधन चालू आहे. दादाच्या ग्रुपने इथल्या बाजारातलं सिंगतेल घेतलं. गुजरातेत राहून दुसरं कुठलं घेणार?

तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं हे पाहायची एक ठरलेली चाचणी आहे. काचेच्या भांड्यात तेल ओततात. त्यात दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यामध्ये बरोबर अडीच मिलिमीटरची फट. बुडबुडे निघून जावेत म्हणून काही मिनिटं थांबतात. मग व्होल्टेज शून्यापासून सेकंदाला दोन किलोव्होल्ट या वेगाने वाढवत नेतात. एका क्षणी तडाक्‌ आवाज होतो, ठिणगी उडते. तो आकडा म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज. तेल ढवळून, दोन मिनिटं थांबून, पुन्हा तेच. असं सहा वेळा. सहा आकड्यांची सरासरी म्हणजे उत्तर.

दादाच्या ग्रुपला आलेले आकडे असे: 22, 41, 29, 35, 26, 33. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, 41 किलोव्होल्ट.

माझ्याकडे वाक्य आलं तेव्हा त्यात तो एकच आकडा होता. वाक्य मला फार रोडकं वाटलं. मी त्यात 'कन्सिस्टंटली' हा शब्द घातला. म्हणजे तेलाने सातत्याने 41 किलोव्होल्ट सहन केले. वाचायला छान झालं. दादा खूश, मीही खूश.

रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर पप्पांनी तो रिपोर्ट सहज हातात घेतला. पप्पा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात टेस्टिंगला आहेत. आमचं घर मूळचं वसईचं, पण पप्पांची सगळी नोकरी बडोद्यात गेली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "सहा रीडिंग घेतलीत ना?"

"घेतली."

"मग उरलेली पाच कुणाची?"

दादा म्हणाला, "पप्पा, सगळे बेस्ट रीडिंगच लिहितात. ॲव्हरेज 31 येतं, ते कमी दिसतं."

पप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "31 कमी नाही. 31 हे तुझ्या तेलाबद्दल काहीतरी सांगतंय. 41 फक्त तुझ्याबद्दल सांगतंय."

पप्पांना ज्या कागदाने हे शिकवलं त्याला इंग्रजीत स्टँडर्ड म्हणतात, आपण मानक म्हणू. फट किती, वेग किती, थांबायचं किती, मोजायचं किती वेळा, लिहायचं काय, हे सगळं त्यात असतं. मला आधी वाटायचं, मानक म्हणजे पास-नापासची रेघ. इतके गुण मिळाले की आयएसआय मार्क. रेघ असतेच, पण ती शेवटी येते. त्याआधीची पानंच्या पानं एकाच प्रश्नाची असतात: तुझा आकडा, तुला न ओळखणाऱ्या, तुझ्या खोलीत नसलेल्या माणसाने का मानावा?

नव्या खनिज तेलासाठी आयईसी 60296 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात याच चाचणीच्या किमान मर्यादा दोन दिल्या आहेत. तेल जसं आलं तसं तपासलं तर 30 किलोव्होल्ट. गाळून, कोरडं करून तपासलं तर 70. तेच तेल, दुप्पटीहून जास्त फरक. पाण्याचा अंश आणि बारीक कण यांनी एवढा फरक पडतो. मग कुणी नुसतं "आमच्या तेलाचा आकडा 41" म्हटलं तर त्यातून काय कळलं? तेल कोरडं केलं होतं का? फट किती होती? कितवं रीडिंग? वनस्पती तेल तर खनिज तेलापेक्षा कितीतरी पट जास्त पाणी धरून ठेवतं. दादाच्या ग्रुपचा डबा रात्रभर प्रयोगशाळेत उघडा राहिला होता. 22 पासून 41 पर्यंतची ती पसरण म्हणजे बहुधा त्या उघड्या डब्याचीच गोष्ट होती. खरं संशोधन तिथेच होतं, आणि नेमकं तेच आम्ही खोडलं. दादाने पाच आकडे गाळून, मी एक क्रियाविशेषण घालून.

आता माझं म्हणणं सांगते. आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत चाचण्या भरपूर शिकवतात, पण त्या चाचणीमागचं मानक मुलांच्या हातात देत नाहीत. त्यामुळे मुलं मोजायला शिकत नाहीत, उत्तर जुळवायला शिकतात. ही सवय पुढे त्यांच्या संशोधनातही जाते.

हे काही एका कॉलेजचं नाही. दादाच्या मित्रांशी बोलले, आणि आमच्या नात्यातली दोन मुलं वसईकडे दुसऱ्या युनिव्हर्सिटीत शिकतात त्यांच्याशीही. सगळ्यांनी एकच प्रयोग सांगितला: ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट. इलेक्ट्रिकलच्या प्रत्येक मुलाने केलेली असते. एका बाजूला पूर्ण व्होल्टेज देऊन, दुसरी बाजू उघडी ठेवून लोखंडी गाभ्यातला लॉस मोजायचा. मग दुसरी बाजू जोडून, कमी व्होल्टेजवर पूर्ण करंट वाहू देऊन तांब्यातला लॉस मोजायचा. दोन्हींवरून एफिशियन्सी काढायची. भार न टाकता ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता कळते, किती हुशारीची युक्ती!

पण पप्पांच्या टेस्ट बेंचवर हीच चाचणी होते तेव्हा एक पायरी जास्त असते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. सकाळी थंड ट्रान्सफॉर्मरवर मोजलेला लॉस आणि दुपारी मोजलेला लॉस सारखे येणार नाहीत. म्हणून मानक सांगतं की गुंडाळीचं तापमान नोंदवा आणि लॉस 75 अंश सेल्सिअसला आणून लिहा. हिशेब सोपा आहे. तांब्यासाठी 235 अधिक 75, भागिले 235 अधिक मोजतानाचं तापमान. 30 अंशांना मोजलं असेल तर 310 भागिले 265, म्हणजे जवळपास 1.17. रोधामुळे होणारा लॉस 100 वॉट मोजला असेल तर 75 अंशांना तो 117 वॉट धरायचा. सतरा टक्क्यांचा फरक. कारखान्यात एवढ्या फरकाने माल परत जातो, कारण आपल्याकडच्या वितरण ट्रान्सफॉर्मरचं मानक, आयएस 1180, अर्ध्या आणि पूर्ण भारावर एकूण लॉस जास्तीत जास्त किती चालेल याची मर्यादाच घालून देतं.

मी दादाचं जर्नल उघडून पाहिलं. त्या प्रयोगात तापमानाचा रकानाच नव्हता. थर्मामीटर महाग असतो म्हणून नव्हे. त्या आकड्यावर पुढे कुणी काही ठरवणार नाही, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि शिकणाऱ्यालाही. मागच्या वर्षीच्या जर्नलमधला आकडा आणि यंदाचा आकडा जुळला की सही मिळते. कारखान्यात मात्र त्या आकड्याची वाट पाहत वीज कंपनीचा इन्स्पेक्टर शेजारी उभा असतो. आकडे जुळवण्याचा मोह कारखान्यातही होतोच, पप्पा हे लपवत नाहीत. म्हणून तर मीटरवर कॅलिब्रेशनची तारीख लिहिलेलं स्टिकर असतं, आणि टेस्ट सर्टिफिकेटवर मोजणाऱ्याची सही. मोह होणार हे धरूनच मानक लिहिलेलं असतं. कॉलेज मात्र मोह होणारच नाही असं समजून चालतं.

याला एक उत्तर मला मिळालं, आणि ते हलकं नाही. दादाच्या एका सरांशी मी बोलले. ते म्हणाले, "मानक कारखान्यासाठी असतं. कॉलेजात आम्हाला तत्त्व शिकवायचं असतं. सगळं मानकाप्रमाणे करायला लागलो तर वर्षात तीन प्रयोग होतील. आणि संशोधन म्हणजे मानकाच्या बाहेर जाणं. नाहीतर नवीन काही सुचणारच नाही."

मी यावर बरेच दिवस विचार केला. सरांचं अर्धं मला पटतं. मानक नव्या गोष्टीची वाट अडवू शकतं, आणि वनस्पती तेलाचा इतिहासच त्याचा पुरावा आहे. 1990 च्या दशकात अशी तेलं ट्रान्सफॉर्मरसाठी पुढे आली तेव्हा तेल मोजायचे निकष खनिज तेलाचे होते. वनस्पती तेल हवेशी लवकर आंबतं, आपल्या स्वयंपाकघरात उघडं राहिलेलं तेल खवट होतं तसंच. खनिज तेलाच्या मापाने ते तिथे नापास. पण आग लागण्याच्या बाबतीत ते कितीतरी सुरक्षित, आणि मातीत विघटन होणारं. हे गुण मोजायला जुन्या मापात पुरेशी जागा नव्हती. मग संशोधकांनी काय केलं? निकष झुगारले नाहीत. त्यांनी मोजत राहून, सगळं लिहून दाखवून दिलं की या तेलाला वेगळं माप हवं: टाकी हवाबंद ठेवा, आगीचा निकष वर आणा, हवेशी होणारी प्रक्रिया वेगळ्या पद्धतीने तपासा. 2003 मध्ये अमेरिकेत एएसटीएम डी 6871 हे वनस्पती तेलाचं स्वतंत्र मानक आलं, 2013 मध्ये आयईसी 62770 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं.

म्हणजे मानक बदलतं. पण ज्याने जुन्या मानकाप्रमाणे सहाही आकडे लिहिले, त्याच्याच कागदावरून बदलतं. 41 लिहिणाऱ्याच्या कागदावरून काहीच बदलत नाही, कारण त्याचा कागद दुसऱ्या कुणाच्या कागदाशेजारी ठेवता येत नाही. आपल्या साहित्यातही वृत्त मोडणाऱ्या कवीला आधी वृत्त मोजता यावं लागतं. मात्रा चुकलेली ओळ आणि मुद्दाम मोडलेली ओळ यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो.

तीनच प्रयोग होतील, या मुद्द्यावरही मला थोडं बोलायचंय. सगळेच प्रयोग मानकाप्रमाणे करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक सेमिस्टरला एक करा. एकच प्रयोग, पण तापमानाच्या रकान्यासकट, सगळ्या रीडिंगसकट, आणि शेवटी "आम्ही मानकापासून इथे इथे वेगळे वागलो" या एका परिच्छेदासकट. फट अडीच मिलिमीटरची जमली नाही? लिहा. डबा उघडा राहिला? लिहा. या परिच्छेदाला गुण द्या. आज गुण जुळलेल्या आकड्याला मिळतात, म्हणून मुलं आकडे जुळवतात. उद्या कबुलीला मिळाले तर कबुली देतील. मुलं मुळात लबाड नसतात, ज्याला गुण असतात तिकडे वळतात. हे मी स्वतःवरून सांगते.

प्रोजेक्टच्या बाबतीतही तेच. मोठमोठ्या चाचण्यांची यंत्रं प्रत्येक कॉलेजात असणं शक्य नाही, आणि नसली तरी चालेल. आपल्याच शहरात 1974 पासून एर्डा ही विद्युत उपकरणांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आहे. बेंगळुरूला केंद्र सरकारची सीपीआरआय 1960 पासून आहे. बडोद्यात तर ट्रान्सफॉर्मरचे आणि स्विचगिअरचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. एखाद्या शनिवारी टेस्ट बेंचवर मुलांना उभं केलं तर एका दिवसात त्यांना कळेल की आकडा लिहिताना माणूस का थांबतो.

राहिला प्रश्न मानकं मिळण्याचा. आयईसीची मानकं विकत घ्यावी लागतात आणि किमती स्विस फ्रँकमध्ये असतात, विद्यार्थ्याच्या खिशाला ते झेपणार नाही. पण भारतीय मानक ब्यूरोची स्वतः तयार केलेली मानकं त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट उतरवून घेता येतात. मी स्वतः नाव नोंदवलं. साहित्याच्या मुलीला मिळतात तर इंजिनीअरिंगच्या मुलांना का नाही मिळणार? दादाच्या वर्गात किती जणांनी हे केलं होतं, मी विचारलं. कुणीच नाही. कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि इथे आपलं, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्यांचं काम सुरू होतं. मानकाची इंग्रजी भाषा रुक्ष आहे, पण ढिसाळ नाही. त्यात 'शॅल' आलं की ते बंधन असतं, 'शुड' आलं की शिफारस, 'मे' आलं की मुभा. एका क्रियापदावर लाखोंचा माल अडतो किंवा सुटतो. दादा हे तिन्ही शब्द सारखेच वाचत होता. आम्ही दोघं एका संध्याकाळी बसून मानकातली चार पानं मराठीत समजून घेत गेलो. 'करावंच', 'केलेलं बरं', 'केलं तरी चालेल'. दादा म्हणाला, "हे असं पहिल्या वर्षीच सांगितलं असतं तर!"

बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. महाराज सयाजीरावांनी 1890 मध्ये इथे कलाभवन सुरू केलं. त्याचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तंत्राचं शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं. त्याच कलाभवनातून आजची आपल्या युनिव्हर्सिटीची इंजिनीअरिंग शाखा वाढली. तेव्हा जे सुचलं ते आपल्याला पुन्हा का सुचू नये? आपल्या मंडळाने पुढच्या वर्षी इंजिनीअरिंगच्या मुलांना बोलवून महिन्यातून एकदा मानक वाचनाची बैठक घ्यावी, असं मी सुचवते. कविता वाचतो तसंच, एकेका शब्दावर थांबून. त्यांना भाषा मिळेल. आपल्याला कळेल की ज्या वाक्यावर कुणाच्या घरचा दिवा अवलंबून असतो ते कसं लिहितात.

आता दादाचं काय झालं, ते सांगते. त्या रविवारी रात्री तो बराच वेळ लॅपटॉपसमोर बसून होता. रिपोर्ट आधीच गाइडनी पाहिलेला, ग्रुपमधली दोघं म्हणत होती, आता हात लावू नकोस. शेवटी त्याने सगळ्यांना फोन केले. सहाही आकडे तक्त्यात गेले, सरासरी 31 लिहिली, आणि खाली डबा उघडा राहिल्याचं एक वाक्य. 'कन्सिस्टंटली' मी माझ्या हाताने काढला.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "रिझल्ट कमी आलाय, मग प्रोजेक्ट यशस्वी कसा म्हणता?" दादा म्हणाला, "सर, यशस्वी झाला असं लिहिलेलंच नाही." परीक्षकांनी पान उलटून पाहिलं, मग त्या उघड्या डब्याबद्दलच दहा मिनिटं प्रश्न विचारले. निकाल अजून लागायचाय. गुण किती मिळतील माहीत नाही, कदाचित 41 लिहिणाऱ्यांपेक्षा कमीच.

पप्पांनी त्यादिवशी जेवताना फक्त एवढंच विचारलं, "डबा झाकून पुन्हा मोजलंस का?"

दादा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात लॅब उघडी आहे. मोजणार आहे."